गिटार घ्यायचीय: टॉप सीडरचा की स्प्रूसचा, आणि तारा कुठल्या?

चोपडेकर

राम राम मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी चोपड्याला असतो, शाळेत शिकवतो. आमचा चार-पाच जणांचा गट आहे, अहिराणी गाणी म्हणतो. लग्नकार्य, कानबाईचा उत्सव, शाळेचं स्नेहसंमेलन, जिथे बोलावतील तिथे. माइक मिळाला तर ठीक, नाहीतर ढोलकी-खंजिरीच्या शेजारी बसून उघड्यावरच वाजवायचं. माझी गिटार प्लायची, म्हणजे थर चिकटवून केलेल्या लाकडाची आहे, कॉलेजात असताना घेतलेली. युवारंगला, म्हणजे विद्यापीठाच्या युवक महोत्सवात, हिच्यावरच वाजवलं होतं, म्हणून जीव आहे तिच्यात. पण आता आवाज डब्यासारखा येतो.

परवा पुण्यात एका दुकानात दोन गिटारी वाजवून पाहिल्या. दोन्हींचा टॉप, म्हणजे पुढची फळी, सॉलिड, एकसंध लाकडाची; दोन्हींची पाठ आणि कडा महोगनीच्या, आकारही सारखाच. फरक एवढाच की एकीचा टॉप सीडरचा आणि दुसरीचा सिटका स्प्रूसचा. सीडरवालीवर साधा जी कॉर्ड धरला तर खर्ज असा भरून आला की पुन्हा पुन्हा तोच वाजवत बसलो. स्प्रूसवाली तिच्यापुढे कोरडी वाटली. किमतीत हजार-दीड हजाराचा फरक. दुकानदार म्हणतो डोळे मिटून सीडर घ्या.

घेऊ का? आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकेल का? आणि तारांनी खरंच किती फरक पडतो?

कळण्याची भाकर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. लाकडावरचा धागा म्हणजे शंभरी नक्की.

वाद्यवैद्य, जळगाव

सर, आधी एक सांगा. दोन्ही गिटारींवर तारा कुठल्या होत्या?

चोपडेकर

नाव नाही विचारलं. सीडरवालीच्या लालसर, चकचकीत होत्या. स्प्रूसवालीच्या काळपट. वाजवून झाल्यावर बोटांना काळं लागलं होतं, हे पक्कं आठवतं.

वाद्यवैद्य, जळगाव

मग तुम्ही दोन लाकडं ऐकलीच नाहीत. नवा सेट आणि मेलेला सेट ऐकून आलात.

लालसर म्हणजे फॉस्फर ब्रॉन्झ. यात साधारण ९२ टक्के तांबं, ८ टक्के कथील आणि चिमूटभर फॉस्फरस असतो. गिटारच्या तारांसाठी हा मिश्रधातू डॅडारिओने १९७४ मध्ये आणला. आवाज भरीव, मधले सूर ठळक, आणि चढवल्यावर बरेच आठवडे आवाज टिकतो. पिवळसर दिसतात त्या ८०/२०, म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त. चढवल्या दिवशी या काचेसारख्या खणखणतात, पण घामाशी यांचं जमत नाही. आपल्याकडे वैशाखात हात कोरडा कुणाचा असतो? हा सेट लवकर बसतो.

तार मरते म्हणजे काय होतं, तर जाड तारांवर जे बारीक वेटोळं असतं त्याच्या खाचांत घाम, कातडीचा भुगा आणि धूळ जाऊन बसते. वजन सगळीकडे सारखं राहत नाही. तार जड होते आणि वरचे बारीक सूर आधी जातात. खाली उरतो तो ठप्प आवाज. घरी जाऊन जुन्या गिटारच्या चौथ्या तारेखालून नख फिरवा. जिथे जिथे फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) दाबली गेलीय तिथे खाच लागेल. अशा तारा स्वरात लागतच नाहीत, कितीही ट्यूनर लावा.

आता लाकूड. नुसती तार फारशी हवा हलवत नाही. तार ब्रिजला (टॉपवर तारा जिथे बांधतात त्या पट्टीला) हलवते, ब्रिज टॉपला, आणि आवाज टॉप करतो. टॉपची फळी असते अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची. तिने तारांचा सगळा ताण पेलायचा आणि तरी कागदासारखं थरथरायचं. म्हणून लाकूड वजनाला हलकं आणि तरी ताठ लागतं. स्प्रूस यात उजवा. सिटका स्प्रूस अलास्कापासून खाली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वाढतो. याच गुणामुळे दोन्ही महायुद्धांत विमानं बांधायलाही तो वापरला गेला. सीडर म्हणजे वेस्टर्न रेड सीडर, तोही तिकडचाच, पण अंमळ हलका आणि मऊ. हलक्या बोटाला लगेच बोलतो. तुम्हाला दुकानात जे आवडलं त्यात हाही भाग आहेच, नाही म्हणत नाही.

पण तुम्ही वाजवता ढोलकीशेजारी, पिकने (तार छेडायच्या चकतीने), जोरात. सीडर एका मर्यादेपर्यंत आवाज देतो आणि मग चेपतो. हात कितीही मारा, आवाज वाढत नाही, नुसता गढूळ होतो. स्प्रूसवर जितका जोर लावाल तितका आवाज पुढे जातो. तुमच्या कामाला स्प्रूस. माझं मत विचाराल तर यात दुसरा विचारच नको.

पाटणादेवी

वाद्यवैद्य दादांशी निम्मी सहमत.

मी चाळीसगावची, क्लासिकल शिकवते, म्हणजे नायलॉनच्या तारांची गिटार. आमच्याकडे सीडर अगदी घरचा. माद्रिदच्या होझे रामिरेझ तिसऱ्याने १९६० च्या दशकात क्लासिकल गिटारला सीडरचा टॉप लावायला सुरुवात केली, तोवर स्प्रूसच चालायचा. आता मैफिलीच्या गिटारींत दोन्ही सर्रास दिसतात. तेव्हा सीडर मोठ्या सभागृहात पोचत नाही असं सरसकट म्हणू नका. प्रश्न बोटांनी वाजवता की पिकने, हा आहे.

हवामानाबद्दल एक उलटी गोष्ट सांगते. सुकल्यावर सीडर स्प्रूसपेक्षा कमी आक्रसतो. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात सीडर टिकणार नाही हे जे सगळे सांगतात ते तितकंसं खरं नाही. मात्र तो मऊ आहे. नख लागलं तरी वण उठतो, आणि गिटार कुठे आपटली तर रेषेत चिरतो. लग्नाच्या मांडवात पोरं गिटारवर कोपर टेकतात, तिथे सीडर नेऊ नका.

आणि हात जोडून विनंती: कुणी क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवू नका. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण चाळीस किलोंच्या आसपास असतो. स्टीलच्या बारा नंबर जाडीच्या सेटचा सत्तर किलोंच्या वर जातो. माझ्याकडे एका विद्यार्थ्याने अशी गिटार आणली होती. ब्रिज सगळ्या गोंदासकट उचकटून हातात आला.

सातपुडा

यावलकडचा आहे, गिटारमधलं शून्य कळतं. एक बाळबोध प्रश्न. आमच्याकडे साग आहे, अंजन आहे, शिसव आहे. सगळे अलास्काचं लाकूड का आणतात? सागाचा टॉप का नाही करत?

वाद्यवैद्य, जळगाव

बाळबोध नाही, चांगला प्रश्न आहे. सिटकाचं वजन घनमीटरला चारशे किलोंच्या आसपास भरतं, सागाचं सव्वासहाशे-साडेसहाशे. सागाची फळी पुरेशी हलकी करायची तर इतकी पातळ तासावी लागेल की तारांच्या ताणाने ती बसेल. अंजन तर त्याहून कितीतरी जड, त्याचं नावच काढू नका.

शिसव मात्र आपला माणूस आहे. पाठीला, कडांना, फिंगरबोर्डला, ब्रिजला भारतीय शिसव जगभर चालतो. अमेरिकेतल्या मार्टिनने १९६९ मध्ये ब्राझीलचा शिसव सोडून भारतीय शिसव धरला, तेव्हापासून त्यांच्या नावाजलेल्या मॉडेलांची पाठ आपल्या देशातल्या झाडाची असते.

अवांतर: मिरजेच्या सतारीची तबली तुणीच्या लाकडाची असते. तेही वजनाला हलकंच. तार कुठल्याही देशातली असो, पुढची फळी हलकीच लागते.

भुसावळ_जंक्शन

आता माझा नेहमीचा काडीसारू प्रतिसाद.

पाठीच्या लाकडाबद्दल लोक जे ऐकू येतं म्हणतात, त्यातलं बरंचसं डोळ्यांनी ऐकलेलं असतं. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग छापला. सहा गिटारी बनवून घेतल्या, सगळ्यांचा टॉप सिटकाचा, बांधणी एकसारखी, फक्त पाठ आणि कडा वेगवेगळ्या लाकडांच्या. महाग ब्राझिलियन शिसवापासून स्वस्त लाकडापर्यंत. ५२ वादकांना मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल चढवून वाजवायला दिल्या. आवाजाचे गुण जवळपास सगळ्यांना सारखेच मिळाले. ओळखता येतात का हेही काही जणांवर तपासलं, तिथेही धड ओळखता येईना.

त्याच्या कितीतरी आधी, १८६२ मध्ये, स्पेनच्या अंतोनियो दे तोरेसने पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या केलेली गिटार बांधली होती. टॉप मात्र स्प्रूसचा. त्याला दाखवायचं होतं की आवाज टॉपमध्ये आहे. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

तेव्हा शिसवी पाठीसाठी जास्त पैसे मोजू नका. टॉपला मोजा. पण टॉपमध्येसुद्धा सीडर की स्प्रूस यापेक्षा फळी किती जाड ठेवली आणि आतल्या पट्ट्या कशा तासल्या, याने जास्त फरक पडतो असं माझं म्हणणं. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन गिटारी वेगळ्या वाजतात, तेव्हा लाकडाचं नाव तर दोन्हींवर तेच असतं ना?

वाद्यवैद्य, जळगाव

जंक्शन साहेब, शेवटच्या वाक्याला पूर्ण सहमत. म्हणून मी कुणालाही नावावरून गिटार घ्यायला सांगत नाही.

पण सॉलिड आणि प्लाय हा फरक नावाचा नाही. दुकानात गेलात की साउंडहोलची, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकाची कड बघा. वरच्या पृष्ठभागावरच्या बारीक उभ्या रेषा कडेवरून खाली उतरलेल्या दिसल्या तर सॉलिड. कडेत आडवे थर दिसले तर प्लाय, मग वरती स्प्रूसचं कितीही सुंदर पापुद्र्याचं काम असो. मोबाइलचा टॉर्च आत मारून हेच आतून बघा. काही दुकानदार नुसतं ‘स्प्रूस टॉप’ सांगतात आणि सॉलिड हा शब्द शिताफीने गाळतात. तिथे थेट विचारायचं.

कळण्याची भाकर

शंभरी राहू द्या, माझा खरा प्रश्न. आमच्या घरात एप्रिल ते जून कूलर चालू असतो. गिटार त्याच खोलीत, खुंटीला. कूलरची हवा ओली असते, म्हणजे गिटारला चांगलीच ना भो?

वाद्यवैद्य, जळगाव

भो, हीच गिटार मग जूनमध्ये माझ्याकडे येते.

गिटारला हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के लागते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ती वीस-पंचवीसवर येते, कधी आणखी खाली. तुम्ही कूलर लावला की खोलीत साठ-सत्तरवर जाते. सकाळी बंद करून कामावर गेलात की परत तळाला. लाकूड दिवसातून दोनदा फुगतं आणि आक्रसतं. नुसता कोरडेपणा एक वेळ परवडला, हे रोजचं वरखाली वाईट. कूलरच्या झोतात टांगली असेल तर एक बाजू ओली आणि पाठ कोरडी, मग विचारायलाच नको.

सुकलेली गिटार ओळखायला सोपी. नेकच्या कडेवरून तळवा हळूच खालपासून वरपर्यंत न्या. फ्रेटची टोकं करवतीसारखी टोचली तर समजा लाकूड आत गेलंय, धातू तिथेच राहिलाय. मग स्टीलची फूटपट्टी साउंडहोल आणि ब्रिजच्या मध्ये टॉपवर आडवी ठेवा. पट्टीच्या मध्याखाली उजेड दिसला तर टॉप खाली बसलाय. अशा वेळी तारा फ्रेटवर खरखरतात, आणि माणसं सॅडल (ब्रिजवरची तारा टेकायची पट्टी) उंच करून घेतात. मग पावसाळा लागतो, टॉप फुगून वर येतो, तारा बोटभर उंच होतात, आणि पुन्हा सॅडल घासायला आणतात. माझा धंदा चालतो, पण गिटारचं वाटोळं होतं.

उपाय स्वस्त आहे. गिटार हार्ड केसमध्ये, केस आतल्या भिंतीजवळच्या कपाटात. माळ्यावर नाही, पत्र्याखाली तर मुळीच नाही. झाकणाला भोकं पाडलेली साबणाची डबी, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज, ती केसमध्ये नेकच्या टोकाकडे ठेवा. स्पंजमधून पाणी टपकता कामा नये. एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) आत टाका. पाऊस सुरू झाला की डबी काढून घ्या. आणि मे महिन्यात बंद गाडीत गिटार ठेवून लग्नाला जेवायला जाऊ नका. गोंद सुटतो.

धुळ्याचा धुरळा

वाखुसा (वाचनखूण साठवली). साबणाची डबी आजच.

तारांच्या जाडीचं कुणी सांगेल का? आमच्या इथला दुकानदार सगळ्यांना दहाचाच सेट देतो, बोटं दुखत नाहीत म्हणतो.

पाटणादेवी

दहाचा म्हणजे सर्वांत बारीक तार इंचाच्या हजार भागांपैकी दहा भाग जाड. १०-४७, ११-५२, १२-५३ असे सेट येतात. दहाच्या सेटचा एकूण ताण साठ किलोंच्या आसपास. शिकणाऱ्या मुलांना तो बरा, बोटं तयार होईपर्यंत. पण मोठ्या आकाराच्या गिटारचा टॉप हलायला तेवढा जोर पुरत नाही, आवाज पातळ येतो. सॉलिड स्प्रूसची गिटार घेऊन तिच्यावर दहाचा सेट लावणं म्हणजे पैसे वाया. तिला बाराचा लावा, हात नाही म्हणत असेल तर अकराचा. सेट बदलला की नेकचा बाक थोडा बदलतो, तेव्हा ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) एकदा जाणकाराकडून बघून घ्या.

कोटिंगवाल्या तारा महाग पडतात, साध्यांच्या दुप्पट-तिप्पट. ज्यांचा हात फार घामेजतो त्यांना परवडतात. मला त्यांचा स्पर्श गुळगुळीत वाटतो, नाही आवडत. ज्याची त्याची आवड.

चोपडेकर

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

वाद्यवैद्य दादांचं ऐकून आधी तारा आणल्या. तीन तुकडे रेकॉर्ड करून इथे डकवतोय: अ, ब आणि क. मोबाइल एक हात लांब, बाराव्या फ्रेटच्या समोर. तीच चाल, तोच पिक, तीच खोली. मधे पुण्याला जाणंही झालं होतं. कुठला तुकडा कशावर वाजवलाय ते आत्ता सांगत नाही. कान लावा.

धुळ्याचा धुरळा

अ तुमची जुनी प्लाय. ब स्प्रूस. क सीडर, खर्ज स्पष्ट कळतोय.

सातपुडा

मला क आवडला. लाकडाचं माहीत नाही.

पाटणादेवी

क मध्ये मधले सूर छान भरलेत. सीडर असावा. ब ला जी झळाळी आहे ती स्प्रूसची किंवा नव्या ८०/२० ची, एवढ्यावरून सांगणं अवघड.

भुसावळ_जंक्शन

मी काहीच सांगणार नाही. सापळा आहे.

चोपडेकर

जंक्शन साहेब जिंकले. तिन्ही तुकडे जुन्या प्लायच्याच गिटारवर आहेत. अ वर आधीच्या मेलेल्या तारा, ब वर नवा ८०/२०, क वर नवा फॉस्फर ब्रॉन्झ. दोन्ही नवे सेट अकराचे, ब्रिज जुना आहे म्हणून बाराचा लावायला दादांनी फोनवर मनाई केली.

धुळ्याचा धुरळा

अरे देवा. म्हणजे सॉलिड टॉप वगैरे सगळं थोतांड?

वाद्यवैद्य, जळगाव

नाही हो. हे तुकडे दाखवतात ते एवढंच की तारांनी आवाजाचा रंग बदलतो, आणि तो बदल आपण लाकडाच्या नावावर खपवतो. पण मोबाइल आवाज आपोआप सारखा करून घेतो. हळू वाजवलेलं वर उचलतो, जोरात वाजवलेलं खाली दाबतो. चांगला टॉप जे देतो, म्हणजे हलका हात आणि भारी हात यांतलं अंतर आणि लांबपर्यंत जाणारा आवाज, नेमकं तेच मोबाइल पुसून टाकतो. त्याची परीक्षा खोलीत नाही व्हायची. ढोलकी वाजत असताना अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ऐकायला पाहिजे.

भुसावळ_जंक्शन

आणि ऐकणाऱ्याला कुठली वाजतेय ते दिसता कामा नये. मधे चादर धरा.

चोपडेकर

केलं. उशिरा लिहितोय, शाळा सुरू झाली होती.

दुकानदार आधी तयार नव्हता. सेटचे पैसे आम्हीच देतो म्हटल्यावर दोन्ही गिटारींवर सारखाच बाराचा फॉस्फर ब्रॉन्झ चढवून दिला. आमचा ढोलकीवाला सोबत होता. दुकानामागच्या पार्किंगमध्ये बसलो, चादर मिळाली नाही म्हणून ऐकणाऱ्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली. आधी बोटांनी, मग पिकने. नव्या तारांवर स्प्रूसचा कोरडेपणा गेला, हे पहिलं. बोटांनी वाजवलं तेव्हा सगळ्यांनी सीडरला मत दिलं, मीसुद्धा. ढोलकी सुरू झाल्यावर मात्र सीडरचे कॉर्ड लांबून नुसते खसखस ऐकू येत होते, सूर कळत नव्हते. स्प्रूसचे कळत होते.

स्प्रूस घेतली. केसमध्ये हायग्रोमीटर आहे, आज ६८ दाखवतोय, म्हणून डबी काढून ठेवलीय.

पाटणादेवी

अभिनंदन सर! ६८ जरा जास्तच आहे. सिलिका जेलच्या पुड्या टाका केसमध्ये, ५५ च्या आसपास आलं की काढा. घरी एकटे बसून बोटांनी वाजवायला सीडर हवासा वाटेल एखाद्या दिवशी, तेव्हा माझी आठवण काढा.

कळण्याची भाकर

जुनी प्लायची काढायची असेल तर सांगा, भाच्याला पाहिजे. क वाल्या तारांसकट.

चोपडेकर

नाही भो, ती नाही द्यायची. उन्हातली लग्नं आणि धुळीतले मांडव तिच्याच वाट्याला. प्लायला कूलरचं आणि उन्हाचं भय तसं कमी. भाच्याला घेऊन चोपड्याला या, दुकानात सोबत येतो. साउंडहोलची कड बघायला शिकलोय आता.